पाण्यातले मीठ वेगळे करणारा हकीम

रमजानच्या आधीचा महिना शाबान. या महिन्याच्या पहिल्या तारखेला, हिजरी सन २५१ मध्ये, इराणातील रै शहरात अबू बक्र मुहम्मद इब्न झकारिया अल-राझी यांचा जन्म झाला. हिजरी ३१३ च्या शाबानमध्ये, पाच तारखेला, त्याच शहरात त्यांचा इंतकाल झाला. इसवी सनाच्या हिशेबाने ८६५ ते ९२५. अकराशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जन्ममृत्यूच्या इतक्या नेमक्या तारखा सहसा मिळत नाहीत. राझींच्या मिळतात, कारण त्यांच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी अबू रैहान अल-बिरुनी यांनी त्या लिहून ठेवल्या. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारे आणि शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात अल्बेरुनी म्हणून भेटणारे ते हेच.

राझींना जग ओळखते ते हकीम म्हणून. युनानी दवाखान्यात त्यांचे नाव आजही अदबीने घेतले जाते. पण हकीम होण्याच्या आधी ते किमयागार होते आणि हकीम झाल्यावरही त्यांनी भट्टी विझू दिली नाही. बिरुनींनी त्यांच्या १८४ ग्रंथांची यादी केली, त्यांत वीसेक ग्रंथ किमयेचेच आहेत.

रै हे आजच्या तेहरानच्या दक्षिणेला लागून असलेले जुने शहर. पूर्वेकडून येणारे रेशमाचे काफिले तिथे थांबत. तरुणपणी राझी ऊद वाजवत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. काही जुन्या हस्तलिखितांत त्यांच्या नावापुढे अल-सैरफी असे लिहिलेले आढळते. आपला सराफ हा शब्द याच मुळातून आला. म्हणजे सोन्यानाण्यांची पारख हा त्यांचा सुरुवातीचा धंदा असावा. ते खरे असेल तर पुढचा रस्ता समजायला सोपा जातो. ज्याच्या हातातून रोज खरे आणि भेसळीचे सोने जाते, त्याला सोने बनवता येईल का हा प्रश्न पडणारच.

राझींचा किमयेवर विश्वास होता हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हलक्या धातूचे सोने होऊ शकते असे त्यांना अखेरपर्यंत वाटत होते. आज आपल्याला ठाऊक आहे की तसे होत नाही. पण त्या काळातले बरेच किमयागार आपली विद्या कोड्यांत आणि रूपकांत लपवून ठेवत. वाचणाऱ्याला काही कळू नये अशीच ती भाषा असे. राझींनी किताब अल-असरार, म्हणजे रहस्यांचे पुस्तक, असे नाव असलेला ग्रंथ लिहिला खरा, पण त्यात रहस्य असे काही ठेवलेच नाही. कोणती वस्तू, किती घ्यायची, कोणत्या भांड्यात, किती आच द्यायची, हे सगळे एखाद्या जाणत्या आचाऱ्याने शिकाऊ पोराला सांगावे तसे त्यांनी सरळ सांगितले.

या कामातली पहिली अडचण साधी होती. किमयेला शुद्ध पदार्थ लागतात आणि बाजारात शुद्ध असे काही मिळत नाही. खार घ्यावा तर त्यात माती, राख, कोळसा. गाळ असेल तर तो कपड्यातून गाळून काढता येतो. पण पाण्यात विरघळलेले मीठ कोणत्या कपड्याने गाळणार? चिमूटभर मीठ पेल्यात टाकून हलवले की ते दिसेनासे होते. मग मलमल दुहेरी घ्या की चौपदरी, खाली येते ते खारट पाणीच. विरघळलेले आणि विरघळवणारे यांची ताटातूट करायची तर एकच उपाय उरतो. दोघांतल्या एकाला जागेवरून हलवायचे. मीठ जागा सोडत नाही, पण पाणी वाफ होऊन जाते. मीठ हवे असेल तर पाणी उडू द्यायचे. पाणी हवे असेल तर ती उडालेली वाफ पकडून थंड करायची. उरण-पेणच्या मिठागरात ऊन पहिले काम करते. दुसऱ्या कामाला माणसाची अक्कल लागते.

राझींनी दोन्ही कामे लिहून ठेवली आहेत. त्यांची खाराची कृती पाहण्यासारखी आहे. अरबीत ज्याला अल-किली किंवा अल-कली म्हणतात, तो खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेतून मिळणारा खार. आपला सज्जीखार आणि पापडखार त्याच घराण्यातले, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकातला अल्कली हा शब्दही तिथूनच आलेला. राझी सांगतात की पांढरी किली घ्यावी, तिच्यावर सातपट पाणी घालावे आणि निम्मे होईपर्यंत उकळावे. मग ते पाणी एकदा नव्हे, दहा वेळा गाळावे. त्यानंतर ते मातीच्या पातळ कुज्यांत भरून हे कुजे वाडग्यांवर टांगून ठेवावेत. कुज्याच्या बुडातून जे थेंब झिरपून वाडग्यात पडतील त्यांना धूळ लागू द्यायची नाही. शेवटी ते पाणी आटवून त्याचे मीठ जमवायचे.

कृती वाचताना तिच्यामागचा विचार लक्षात येतो. न विरघळणारा कचरा गाळण्यात मागे राहिला. त्यातूनही सुटलेला बारीक कण कुज्याच्या सच्छिद्र मातीत अडकला. मडक्यातले पाणी बाहेर पाझरते आणि म्हणून गार होते, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. राझींनी तेच पाझरणे गाळणी म्हणून वापरले. आता वाडग्यात फक्त पाणी आणि विरघळलेला खार उरला. पाणी गेले की खार हातात. यात मंत्र नाही, तारे नाहीत, गुरूने कानात सांगायचे काही नाही. मातीची भांडी, कापड, आच आणि सबुरी एवढेच सामान.

दुसरी रीत अर्क काढण्याची, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले ऊर्ध्वपातन. तिच्यासाठी तीन भांडी लागत. खालचे भोपळ्याच्या आकाराचे, म्हणून त्याचे नाव कर, म्हणजे भोपळाच. वर टोपीसारखे बसणारे लांब चोचीचे भांडे म्हणजे अंबीक. चोचीतून येणारे थेंब धरणारे तिसरे म्हणजे काबिला. ही भांडी राझींनी शोधली नव्हती. त्यांच्या आधी जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावरच्या ग्रंथांत ती आहेत आणि त्याही आधी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात होती. उकळत्या पाण्यात भांडे ठेवून बेताची आच देण्याची युक्ती तर मारिया नावाच्या एका यहुदी स्त्रीच्या नावावर सांगितली जाते. राझींनी केले ते असे की, हे काम करताना हात कुठे चुकतो ते नेमके लिहिले.

भोपळा मोठा आणि जाड असावा, बुडाला चीर किंवा हवेचा बुडबुडा नसावा. टोपी त्यावर घट्ट बसावी. पाण्याच्या कढईत भोपळा इतकाच बुडवावा की बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या द्रवाच्या पातळीला येईल. भोपळ्याचे बूड कढईच्या बुडाला टेकू देऊ नये. कढईतले पाणी आटत जाईल तसे वरून घालावे लागते, म्हणून भट्टीशेजारी उकळते पाणी तयार ठेवावे. गार पाणी घातले तर तापलेले भांडे तडकते. भांडे हलू नये म्हणून बांधून घ्यावे. या सूचना वाचल्या की त्या माणसाच्या हातून किती भोपळे फुटले असतील याचा अंदाज येतो. पुस्तक वाचून पुस्तक लिहिणाऱ्याला असले तपशील सुचत नाहीत.

अशी भांडी काही फक्त किमयागारांच्या घरात नव्हती. लग्नात गुलाबदाणीतून पाहुण्यांवर शिंपडले जाणारे आणि इफ्तारच्या सरबतात पडणारे गुलाबजल याच रीतीने निघते. कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याची देग आणि भपका घेऊन हेच करतात. पाकळ्या आणि पाणी एकत्र तापते, वाफेबरोबर सुगंध वर येतो आणि चोथा खाली राहतो.

काही पदार्थ पाण्यात न घालताही वेगळे करता येतात. नवसागर हे त्याचे उदाहरण. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. राझींच्या काळी हाच नवसागर बंद भांड्यात तापवत. त्याची वाफ वर जाऊन गार झाकणावर पुन्हा घट्ट होऊन चिकटे आणि मळ खाली पडून राही. फारसी नौशादर आणि मराठी नवसागर हे शब्द सख्खे आहेत.

वेगळे करता करता राझींनी सगळ्या ज्ञात वस्तूंची मांडणीच केली. वस्तू तीन प्रकारच्या: खनिज, वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य. खनिजांत उडून जाणारे पदार्थ चार, धातू सात, मीठ-खार अकरा, शिवाय दगड, टाकणखार आणि हिराकशीचे प्रकार. अकरा मिठांच्या यादीत साधे मीठ आहे, कडू मीठ आहे, खार आहे, लाकडाच्या राखेचे मीठ आहे आणि हिंदी मीठ नावाचेही एक आहे. भांड्यांची आणि हत्यारांची यादी वेगळी: मुशी, भाते, चिमटे, कातऱ्या, खलबत्ते, गाळण्या, वाळूची कढई, पाण्याची कढई, दिवे, भट्ट्या. आजच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांतली निम्मी सापडतील.

रमजान आला की राझींनी मद्यार्क शोधला, गंधकाम्ल शोधले असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. त्यांच्या उपलब्ध ग्रंथांत याला पक्का आधार मिळत नाही. नसलेले श्रेय चिकटवून त्यांचा मान वाढणार नाही. जे आहे तेच पुरेसे आहे.

या भट्टीची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली. आगीचा झोत आणि तिखट वाफा यांनी त्यांचे डोळे दुखावले. बिरुनी लिहितात की डोळ्यांच्या इलाजासाठी म्हणून राझी औषधांकडे वळले आणि वैद्यकातच रमले. तेव्हा त्यांचे वय लहान नव्हते. पण पाहता पाहता ते रै शहराच्या इस्पितळाचे मुख्य हकीम झाले आणि पुढे बगदादच्या इस्पितळाचेही.

बगदादच्या इस्पितळाची एक गोष्ट फार सांगितली जाते. जागा निवडण्यासाठी राझींनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे मांस सर्वांत उशिरा सडले तिथे इस्पितळ बांधायला सांगितले. गोष्ट त्यांच्या स्वभावाला शोभणारी आहे. मात्र ती ज्या अझुदी इस्पितळाच्या नावावर सांगतात, ते राझींच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटल्यावर उभे राहिले.

त्यांच्या दवाखान्याचे चित्र इब्न अल-नदीम यांनी रैच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून लिहिले आहे. ते अधिक भरवशाचे वाटते. राझी मध्ये बसत, त्यांच्याभोवती त्यांचे शिष्य, त्या शिष्यांभोवती शिष्यांचे शिष्य. आलेला रोगी आधी सर्वांत बाहेरच्या वर्तुळात आपले दुखणे सांगे. त्यांना उमगले तर ठीक, नाहीतर तो आतल्या वर्तुळात येई. तिथेही उकलले नाही तरच राझी बोलत. रोग्यांचीसुद्धा ही एक प्रकारची गाळणीच होती. गोरगरिबांवर त्यांचा जीव होता. ते त्यांची शुश्रूषा करत, वर खर्चालाही पैसे देत. ज्याच्या आसपास हकीम नाही अशा माणसासाठी, घरात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी काय इलाज करावा, याचे एक वेगळे पुस्तकच त्यांनी लिहिले. हे म्हातारेबुवा असेही सांगतात की राझी कधीही भेटले तरी काहीतरी लिहीत किंवा उतरवून घेत बसलेले दिसत.

भट्टीपाशी लागलेली सवय खाटेपाशीही सुटली नाही. देवी आणि गोवर हे दोन्ही रोग ताप आणि पुरळ घेऊन येतात. तोवरचे हकीम दोघांना एकाच माळेत ओवत. राझींनी या दोन रोगांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि लक्षणे एकमेकांपासून वेगळी करून दाखवली. पाठ फार दुखत असेल तर ते देवीकडे बोट दाखवते. जीव घाबरणे, मळमळ, अस्वस्थता हे गोवरात जास्त. देवी गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये जाहीर केले. ज्यांच्या दंडावर देवी काढल्याचा व्रण आहे त्या पिढीला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरे उदाहरण सिरसामचे, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेचे. या रोगाची चिन्हे दिसताच रक्त काढावे असा रिवाज होता. राझींनी काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे जाणूनबुजून काढले नाही, मग दोन्हींचे काय होते ते पाहिले. त्यांचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूचा होता, आणि आजचे वैद्यक तो मान्य करणार नाही. पण दोन गट शेजारी ठेवून पाहायचे हे दहाव्या शतकाच्या तोंडावर सुचणे लहान गोष्ट नव्हे. जालिनूस, म्हणजे ग्रीकांचा गॅलेन, याला ते उस्ताद मानत. तरीही त्याच्याविषयीच्या शंकांचा एक ग्रंथ त्यांनी लिहिला आणि त्यावरून बोलणीही खाल्ली.

बोलणी खाण्याचे आणखी मोठे कारण धर्माचे होते. नबुव्वतीविषयी, म्हणजे पैगंबरीविषयी, राझींची मते इस्लामी श्रद्धेला धरून नव्हती असा आरोप त्यांच्या हयातीतच झाला. त्यांच्याच शहरातील अबू हातिम अल-राझी यांनी त्यांच्याशी वाद घातला आणि तो ग्रंथात नोंदवला. राझींचे स्वतःचे ते लिखाण आज शिल्लक नाही, त्यामुळे त्यांची बाजू आपल्यापर्यंत येते ती विरोधकाच्या लेखणीतून. बिरुनींनाही राझींची ही मते मान्य नव्हती आणि त्यांनी तसे लिहिलेही. तरीसुद्धा हेच बिरुनी वयाच्या साठीनंतर बसून त्या माणसाच्या १८४ ग्रंथांची यादी विषयवार लावत होते. जे पटले नाही ते बाजूला ठेवून बाकीचे जपायचे, ही रीत त्या काळच्या विद्वानांत होती. ज्यांनी राझींच्या अकिद्यावर टीका केली त्या समाजाच्या इस्पितळांत त्यांचीच पुस्तके शिकवली जात राहिली.

उतारवयात राझींनी आपल्या जगण्याचा हिशेब एका छोट्या ग्रंथात दिला आहे. एका वर्षात बारीक अक्षरात वीस हजारांवर पाने लिहिली. एका मोठ्या ग्रंथावर पंधरा वर्षे रात्रंदिवस खपलो. त्यात नजर अधू झाली आणि हाताचे स्नायू निकामी झाले. तरी दुसऱ्याकडून वाचून घेऊन, दुसऱ्याकडून लिहवून घेऊन काम चालूच आहे, असे ते सांगतात. त्यात तक्रारीचा सूर नाही. रात्री ते भिंतीतल्या कोनाड्यात दिवा ठेवून, पुस्तक भिंतीला टेकवून वाचत. डुलकी लागली की पुस्तक हातातून पडे आणि जाग येई.

शेवटी दृष्टी पार गेली. याविषयीही एक दंतकथा आहे. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न खल्लिकान लिहितात की राझींनी किमयेचा ग्रंथ मन्सूर या हाकिमाला भेट दिला. त्याने त्यातला प्रयोग करून दाखवायला सांगितला, तो जमला नाही, तेव्हा मन्सूरने तेच पुस्तक त्यांच्या डोक्यावर मारायला लावले आणि त्यांची नजर गेली. बिरुनी काळाने राझींच्या जवळचे; त्यांनी वाफा आणि वाचन हीच कारणे दिली आहेत. दुसरी एक गोष्ट अशी की, डोळ्यांवर शस्त्रक्रिया करायला आलेल्या वैद्याला राझींनी विचारले, डोळ्याला पडदे किती असतात. त्याला सांगता आले नाही, तेव्हा त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. इतरांनी समजावले तर ते म्हणाले म्हणे की जग पुरेसे पाहून झाले आहे.

ते गेले तेव्हा त्यांच्या टिपणांचा ढीग बहिणीकडे राहिला. वर्षानुवर्षे रोग्यांविषयी आणि वाचलेल्या ग्रंथांविषयी करून ठेवलेल्या त्या नोंदी होत्या. काही वर्षांनी वजीर इब्न अल-अमीद रैला आले. त्यांनी मोठी रक्कम देऊन तो ढीग विकत घेतला आणि राझींच्या शिष्यांना एकत्र बसवून तो लावून घेतला. हाच अल-हावी. १२७९ मध्ये सिसिलीतील एक यहुदी वैद्य फरज बिन सालिम यांनी एका ख्रिस्ती राजासाठी त्याचे लॅटिन भाषांतर पुरे केले. मूळ अरबी ग्रंथ पूर्ण छापला गेला तो मात्र विसाव्या शतकात, आपल्या शेजारच्या हैदराबादेत. दायरतुल मआरिफ या संस्थेने त्याचे तेवीस भाग काढले. त्यात जालिनूसच्या बरोबरीने चरक आणि सुश्रुत यांचेही दाखले अरबी लिपीत येतात.

त्यांच्या किमयेच्या लिखाणाला अभ्यासकांपुढे आणण्याचे मोठे काम कलकत्त्यात झाले. १९२७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीने एच. ई. स्टेपलटन, आर. एफ. अझू आणि महंमद हिदायत हुसेन या तिघांचा, दहाव्या शतकातल्या इराक-इराणच्या रसायनशास्त्रावरचा प्रबंध छापला. हजार वर्षे किमयागारांच्या गूढ विद्येत जमा धरलेला हा माणूस प्रत्यक्षात हाताने काम करणारा रसायनज्ञ होता, हे त्यानंतर नीट उजेडात आले. इराणात दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस राझींच्या नावाने औषधनिर्मात्यांचा दिवस पाळतात. सोने त्यांच्या एकाही ग्रंथातून निघाले नाही. खार मात्र निघतो. सातपट पाणी, दहा वेळा गाळणे, मातीचा पातळ कुजा आणि धुळीपासून झाकलेला वाडगा एवढे असले, तर आजही कुणालाही त्यांच्या कृतीने तो काढता येईल.